दिवस मावळायच्या आत जेवणारं बोरगाव

ऐंशीच्या दशकातली ही सहल. बेळगावच्या खासबागेत आमचं घर आणि कारखाना यांच्यामध्ये भिंतसुद्धा नव्हती. पुढच्या खोलीत साड्यांचे दोन यंत्रमाग, मागे चूल. आमचे हे मागाशेजारी उभ्यानंच चार घास पोटात ढकलायचे. शाळेतल्या गमती बापाला सांगायचं मुलीनं सोडूनच दिलं होतं, आणि ते मला सलत होतं. बोरगावला दिलेल्या माझ्या मैत्रिणीचं, पद्माचं बोलावणं आलं तेव्हा मी सांगून टाकलं, की दोन-तीन दिवस माग बंद ठेवायचे आणि तिघांनी जायचं.

बेळगावहून निपाणीला बसगाड्या भरपूर, बसायला जागा मात्र नशिबात हवी. कंडक्टर कन्नडमधून विचारायचा, प्रवासी मराठीतून उत्तर द्यायचे, अडायचं कुणाचंच नाही. तवंदीचा घाट उतरला की तंबाखूचा वास येतो आणि निपाणी आल्याचं कळतं. स्टँडवर मिरचीभजी खाऊन घ्या, कारण बोरगावची गाडी भरल्याशिवाय हलायची नाही. निदान तेव्हा तरी हलत नव्हती.

पद्माचं सासर जैन शेतकऱ्यांचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, मग चूल बंद. तिनं हे आल्याआल्या सांगितलं होतं. पण सहलीला येऊनही आमचे हे संध्याकाळी गावातले माग बघायला गेले आणि अंधार पडल्यावर परतले. पोटात कावळे ओरडत असणार. पद्मा चूल पेटवायला उठली, तिला मी हात धरून बसवलं. ह्यांनी तांब्याभर पाणी पिऊन पाठ टेकली. मला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी निपाणीचा एक व्यापारी तंबाखू बघायला आला. पद्माचे सासरे, आप्पा, भावाची घासाघीस करत बसले होते. उन्हं कलली तसे ते बोलणं अर्ध्यावर टाकून उठले. ह्यांना राहवेना.

"आप्पा, उद्या भाव उतरला तर?"

"उतरंल बी. म्हणून काय तुमच्यागत उपाशी निजू व्हय?"

व्यापारीही जैनच होता. तो केव्हाच हात धुऊन पानावर बसला होता. पुढचं बोलणं सकाळी झालं. भाव उतरला की नाही ते मी विचारलं नाही, ह्यांनी मात्र विचारलं असणार.

हल्ली महामार्ग रुंद झालाय, तुम्ही सकाळी निघून संध्याकाळी परत याल. पण जैन घरी मुक्काम असेल तर वेळेवर पोचा.

परतल्यावर काही पालटलं नाही. खडखडाट तोच आणि जेवण उभ्यानंच. माझी आशा सुटली होती. मग एका संध्याकाळी करंट गेला, म्हणून तिघं एकत्र जेवायला बसलो. मुलगी बिचकतच शाळेतलं काहीतरी सांगू लागली, आणि करंट आला. गल्लीतले सगळे माग एकदम सुरू झाले. ती बोलता बोलता थांबून बापाकडे बघू लागली.

"अण्णा, करंट आला."

"येऊ दे. तू काय सांगत हुतीस गं?"

तिनं पुन्हा सांगितलं. शेजारच्या मागांच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून हे आपलं ताट उचलून तिच्याजवळ जाऊन बसले.