मोठेबाबांचा क्रॉस मेंबर

जगातली प्रत्येक वस्तू कारखान्यातून अर्धवटच बाहेर पडते आणि ती पुरी करण्यासाठीच आपला देऊळगाव राजात जन्म झाला आहे, अशी माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची पक्की समजूत आहे. आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणतो. पुरी करणे म्हणजे लोखंडी पट्टी मारणे. आमच्या पलंगाला पट्ट्या आहेत, पाटाला आहेत, छत्रीच्या दांड्यालाही आहे. ती छत्री उघडायला दोन माणसे लागतात. मी इंग्रजी शाळेत जाऊ लागले तेव्हा त्यांनी माझ्या दप्तराचे बंद रिव्हेट ठोकून पक्के केले. दप्तर पुस्तकांशिवायच इतके जड झाले की मी वर्गात वाकून शिरायचे आणि बाई मला फार नम्र समजायच्या. "पुस्तकं फाटतीन, बंद नाई तुटनार," मोठेबाबा म्हणाले होते. खरेच तुटला नाही.

पण त्यांचा खरा जीव त्यांच्या जुन्या ट्रकमध्ये. आजूबाजूच्या मळ्यांतले टमाटे आणि मिरच्या त्यातून ते जालन्याच्या बाजारात नेतात. गेल्या हिवाळ्यात त्याच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, चीर पडली, आणि तीही नेमकी कुठे, तर गिअरबॉक्स ज्या आडव्या लोखंडावर टेकतो तो क्रॉस मेंबर सांगाड्याच्या लांब चॅनेलला जोडतात तिथे. आरटीओचे पासिंग आठ दिवसांवर होते. त्यांच्या मुलाने, आमच्या दादाने, सांगून टाकले, "बाबा, या खेपेले पासिंग नाई झालं त गाडी भंगारात. लय झालं आता." मोठेबाबा त्या दिवशी जेवले नाहीत. चिरेकडे बघत ट्रकखाली पडून राहिले. घरी आलेल्या पाहुण्यांनी तिथेच उकिडवे बसून त्यांच्याशी गप्पा मारल्या, चहाही तिथेच घेतला.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाले चाचा आले. चीर पुढे वाढू नये म्हणून त्यांनी तिच्या टोकाला भोक पाडले, चीर भरली, चॅनेलला आतून जाड पट्टी मारली. इथवर सगळे शहाणपणाचे होते. मग क्रॉस मेंबर बसवायला चाचांनी पिशवीतून बोल्ट काढले.

"बोल्ट काऊन?" मोठेबाबांनी विचारले.

"खोलावा लागते ना सेठ. गिअरबॉक्स उतरवाचा म्हटलं त..."

"बोल्ट म्हंजे मनात शंका. वेल्ड मारा."

चाचांनी टॉर्च धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिले. त्यांचेच बरोबर होते हे मला कळत होते. पण मी तोंड उघडेपर्यंत ठिणग्या उडू लागल्या होत्या.

पासिंगच्या दोन दिवस आधी क्लचप्लेट गेली. ती बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवायला हवा, आणि खाली मोठेबाबांच्या आयुष्यातले सर्वांत पक्के काम आडवे पडलेले.

"कापा तो क्रॉस मेंबर," दादा म्हणाला.

"हात लावू नोको बे त्याले! खालून निघत नाई त वरून काढू."

आणि वरूनच काढला. सीट बाहेर आली, केबिनच्या तळाचा पत्रा कापला, दोन्ही दारांतून आरपार लाकडी बल्ली घालून तिच्यावरून गिअरबॉक्सला साखळी बांधली. आठ जणांनी ओढल्यावर गिअरबॉक्स हळूहळू वर आला आणि ड्रायव्हरच्या जागी येऊन बसला.

"आता हाच चालवते वाटते गाडी," शेजारच्या काकू म्हणाल्या.

क्लचप्लेट बदलून झाल्यावर गिअरबॉक्स खाली सोडला आणि पत्रा परत बसवला. त्यालाही अर्थातच पट्ट्या मारल्या. त्यांनी तळ इतका उंचावला की तेव्हापासून ब्रेक दाबताना मोठेबाबांचा गुडघा हनुवटीला लागतो.

कागद वाचायला म्हणून बुलढाण्याला त्यांनी मला सोबत नेले. पासिंगचे साहेब वाकून ट्रकखाली गेले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. "हा ट्रक आहे का पूल?" त्यांनी शेवटी विचारले. पण चीर कुठेच राहिली नव्हती. एका वर्षाचे पासिंग मिळाले.

परतताना मला वाटले, आता ते वाटभर आपल्याच पट्ट्यांचे कौतुक करतील. पण चिखली मागे पडल्यावर ते म्हणाले, "पुढल्या साली दादा पुन्हा तेच म्हनन. तवा मी असीन का नाई, काय सांगाव."

"काहीतरीच काय मोठेबाबा!"

"तू सांगजो त्याले, गाडी विकू नोको म्हना. मायं नाई ऐकत तो. मी लय बोलतो. तू बोलतच नाई, तुयं ऐकन."

मी हो म्हणाले. इंजिनाचा आवाज फार होता, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले. त्यांनी मान हलवली. समोर खड्डा आला, तेव्हा त्यांनी वेग कमी केला आणि ट्रक एकेक चाक करून अगदी हळू त्यातून काढला.