तात्यांनी विचारलेली बारा माणसं

जळकोटात कुणाच्या पोरीला स्थळ आलं की मुलाच्या गावी चौकशीला बब्रुवान तात्यांनाच धाडायचे. बाकीचे एखाद्या पाहुण्याला विचारून मोकळे होतात. तात्या गावात उतरून दहा-बारा अनोळखी माणसं गाठायचे. "एक जण लबाड बोलंल, बारा जण न्हाय बोलणार," हे त्यांचं गणित. माणूस भला, पण या गणिताचा तोरा जरा जास्तच होता.

थोरला भाऊ वारल्यावर त्याची लेक अयोध्या तात्यांनीच वाढवली. तिला भूमकडचं स्थळ आलं तेव्हा तात्यांची बायको कडूबाई म्हणाली, "आवं, मला बी संगं न्या."

"तू यिऊन काय इचारणार?" म्हणत तात्या एकटेच एसटीत बसले. स्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांनी बारा जणांना विचारलं. पोरगा लई गुणाचा, असं बाराही जण म्हणाले. तात्या खुशीत परतले आणि लग्न लागलं.

वर्षाच्या आत नवऱ्यानं अयोध्येचा हात मोडला. तिला आणायला गेलेल्या तात्यांना शेजारणीनं दारातच धरलं. "पाव्हणं, पोरगी द्यायच्या आदी इचारायचं तरी! त्यो आईवर बी हात टाकतो. समद्या गल्लीला ठावं हाय."

"इचारलं व्हतं की. बारा जणांला."

"कुठं?"

"हॉटेलात."

"तितं त्येचंच दोस्त बसत्यात, त्येच्याच चहावर. आमी बाया कवा हॉटेलात जातो व्हय?"

बारा माणसांवरून गावाचा अंदाज येतो, हे तात्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण ती बारा ठिकाणची हवीत. एकाच बाकड्यावरची बारा म्हणजे एकाच माणसाला बारा वेळा विचारणं झालं. एवढं साधं कळायला एका पोरीचा संसार जावा लागला, याचा मला आजही संताप येतो.

अयोध्या आता माहेरीच शिवणकाम करते. तात्यांना ती कधी बोल लावत नाही, आणि त्यांना तेच जास्त लागतं. चौकशीला बोलवायला लोक अजून येतात. तात्या म्हणतात, "म्या न्हाय येत. हिला न्या."

कडूबाई जाते. हापशावर बायांत बसते, खुरपणाऱ्यांना विचारते, किराणा दुकानात रेंगाळते. मागच्या महिन्यात तिनं एक स्थळ मोडायला लावलं. पुढं त्या मुलाचे प्रताप कानावर आले, तसा पोरीचा बाप घरी येऊन तात्यांच्या पाया पडला. "तुमच्या मालकिणीमुळं माझी लेक वाचली, तात्या."

आत शिलाई मशीन चालू होती. तात्यांना त्या बापाकडं बघवेना.

"आमची बी वाचली असती," ते म्हणाले.