नेमातले रिकामे दिवस

घरून, कामठ्याहून माणूस आला, तेव्हा मी देवरीच्या शाळेत पहिलीच्या पोरांना घ आणि ध यांतला फरक सांगत होतो. खडू हातात तसाच राहिला. “मोठ्या बाई गेल्या,” एवढंच तो बोलला... मोठ्या बाई म्हणजे माझी सीतावहिनी. फळ्यावर तीच दोन अक्षरं होती, आणि पोरांकडे तोंड करायची मला लाज वाटली.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी गोंदियाला मॅट्रिकच्या वर्गात, सुट्टीत घरी आलेला. वहिनी दरवर्षी पाडव्याला देवापुढे एक नेम धरायची. एका वर्षी तोंडातून शिवी काढायची नाही, एका वर्षी चहा सोडायचा. त्या वर्षीचा नेम भलताच होता. “भाऊजी, सरावनातली कहाणी औंदा मीच वाचणार. तुम्ही शिकवा मले. आन तोवर पोथीले हात लावणार नाई.” देवाचं आपल्या डोळ्यांनी वाचलं की माणूस सुधारतो, असं तिचं पक्कं मत. धान कांडून झालं की पाटी घेऊन बसायची. मला तळ्यावर गळ टाकायला जायची घाई. एका दुपारी कंटाळून मी गंमत केली, घ ला ध सांगितलं आणि ध ला घ. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग उद्या, मग सुट्टीच संपली... मेलं ते सांगणं राहूनच गेलं.

श्रावणातल्या शुक्रवारी मी मुद्दाम घरी आलो. आळीतल्या बाया जमल्या होत्या. वहिनीनं नवी पोथी फडक्यातून सोडली, कपाळाला लावली, आणि अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. लक्ष्मी गावात आली, घरोघरी धान झालं, अशी ती ओळ. वहिनी थांबत थांबत वाचत होती, “ध...रो...ध...री... घा...न...” आमच्याकडे घाणीला घानच म्हणतात. तोच एकीला हसू फुटलं, “अवं माय, लक्ष्मी आली आन घान घेऊन आली!” हसून हसून बाया लोळल्या. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. “भाऊजी, तुम्ही तं मले असंच शिकवलं ना?”

तेव्हा खरं बोलायला काय धाड भरली होती मला? पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी म्हणालो, “वहिनी, तुमचंच ध्यान नव्हतं.” तिनं पोथी फडक्यात गुंडाळली. पुन्हा कधी पाटी हातात घेतली नाही. मला एका शब्दानं बोलली नाही, आणि मी बेशरम, समजलो की विसरली. यंदा पोळ्याला गेलो तेव्हाही पानावर पुऱ्या वाढत म्हणाली, “काऊन असे वाळून राहिले भाऊजी? खा ना पोटभर.” ती शेवटची भेट.

तेरवीनंतर पुतणी कुसुम मला देवघरात घेऊन गेली. भिंतीवर किराणावाल्यानं दिलेलं कॅलेंडर, आणि जवळजवळ प्रत्येक तारखेवर कुंकवाचं एकेक बोट. मी विचारलं, हे काय गं? कुसुम खाली बघत म्हणाली, “आईचा नेम होता, काका. माह्या जन्माच्या आंधीपासून तोच. तुमच्यावर राग धराचा नाई. दिवस बिनरागाचा गेला का दिवा लावताना बोट लावे. राग आला तं तारीख कोरी ठेवे. म्हणे, देवापाशी खोटं नाई चालत.”

मी जवळ जाऊन पाहिलं. अक्षय तृतीयेची तारीख कोरी होती. पोळ्याची कोरी, दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याचीही कोरी. बाकी ती गेली तोवरचे सगळे दिवस लाल. यंदा त्या तीनच दिवशी मी त्या घरात जेवलो होतो...

कॅलेंडर मी मागून आणलं, आता माझ्या खोलीत आहे. कोऱ्या तारखांना मी हात लावलेला नाही, त्या तिच्या आहेत. पण रोज शाळेत निघताना कॅलेंडरपुढे उभा राहतो आणि बारा वर्षं अडकलेलं वाक्य बोलतो. वहिनी, तुमचं ध्यान होतं. पुरं ध्यान होतं.