आलं काऽ?

मोरेभाऊंना नमस्कार म्हणायची सवय नव्हती. दार उघडलं की बाहेर चप्पल काढता काढता ते विचारायचे, "आलं का?" रस्त्यात भेटले तरी तेच, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले तरी तेच. तुमच्या आईचा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी ते जिन्यात भेटले आणि "आलं का?" म्हणाले, तेव्हा तिने त्यांना सगळ्या विषयांचे मार्क सांगून टाकले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "छान. आणि चित्र?"

टेंभी नाक्यामागच्या आमच्या गल्ल्यांना केबल त्यांनीच दिली होती. त्या काळात वायर ओढायला ते स्वतः गच्चीवर चढायचे आणि तिथून खाली ओरडायचे, "आलं काऽ?" दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून तुमचे आजोबा मान वर करून उत्तर द्यायचे, "गेलं!" वर काहीतरी खुडबुड व्हायची. "आता?" "मुंग्या आहेत!" "आता?" "आलं!" चित्र आलं की आलं, गेलं की गेलं. दोघांचं तीस वर्षांचं बोलणं मुख्यतः एवढंच. गल्लीतल्या मुलांनी मोरेभाऊंचं नावच 'आलंका' ठेवलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर रेवाने विचारलं, "आजी, आम्ही पाठवलेली, टीव्हीला लावायची स्टिक कुठेय? आणि टीव्हीखाली तो लाल पट्ट्या लावलेला रिमोट कसला?" मी "सांगेन कधीतरी" म्हणाले. मुलांनो, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहून काढते आहे, क्रमाने.

मोरेभाऊ माणसांना नावाने ओळखत नसत, चॅनलच्या नंबराने ओळखत. तळमजल्यावरच्या काकू 'बावीस नंबर', कोपऱ्यावरचे डॉक्टर 'सहा नंबर'. आजोबा 'चौदा नंबरवाले साहेब'. चौदा हे मोरेभाऊंचं स्वतःचं चॅनल होतं. त्यावर देवीची मिरवणूक दिसायची, उद्या पाणी येणार नसल्याची सूचना दिसायची, हरवलेल्या मांजराचा फोटो दिसायचा आणि रोज दुपारी चारला मैदानावरच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या जुन्या मॅचेस लागायच्या. कोण जिंकलं ते आजोबांना पाठ असायचं, तरी शेवटच्या षटकाला ते श्वास रोखायचे. मोरेभाऊ मला म्हणायचे, "टीचर, या चॅनलला एकच प्रेक्षक आहे. पण पक्का आहे."

दोन वर्षांपूर्वी आजोबांना झटका आला, त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं, हे तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर त्यांनी खाणं जवळजवळ सोडलं, हे तुम्हाला आम्ही सांगितलं नाही. चमचा ओठांशी नेला की ते दात घट्ट मिटायचे. फक्त दुपारी चार वाजता ते डाव्या अंगठ्याने रिमोटवर एक दाबायचे, चार दाबायचे, मॅच सुरू व्हायची आणि तोंड उघडायचं. मऊ भात, वरण, कुस्करलेलं केळं. दिवसातलं तेवढंच खरं जेवण. बाकी सगळा दिवस मी त्या चार वाजण्याची वाट बघायची.

मग एक दिवस मोरेभाऊ आले आणि "आलं का" म्हणाले नाहीत. दारातच उभे राहिले. घराघरात नव्या कंपन्यांच्या वायरी आल्या होत्या, मोरेभाऊंची गिऱ्हाइकं एकेक करून गेली होती, हे मला कळत होतं. "टीचर, सोमवारपासून बंद करतोय," ते म्हणाले. मग चप्पल न काढता वळले आणि जिन्यातून म्हणाले, "साहेबांना तुम्हीच सांगा. मला नाही जमणार."

मलाही जमलं नाही. सोमवारी चारला आजोबांनी एक दाबलं, चार दाबलं. निळा पडदा. पुन्हा एक, चार. पुन्हा. रिमोट त्यांच्या हातातून मी काढून घेतला तेव्हा ते माझ्या मनगटावर दाबू लागले, वर एक, खाली चार. तीन दिवस माझं मनगट दुखत होतं. तीन दिवसांत पाण्यात कालवलेले दोन चमचे सत्त्व पोटात गेलं. डॉक्टर म्हणाले, "अजून दोन दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल." आजोबांचा चालता डावा हात बांधून ठेवावा लागेल, हेही त्यांनी सांगितलं, कारण असे पेशंट नळी उपटून काढतात.

तुमची स्टिक तेव्हाच आली होती. मी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली आणि ती नीट जोडली. पडद्यावर रंगीत चेहरे आले आणि वर प्रश्न आला, 'कोण पाहत आहे?' आजोबा त्या प्रश्नाकडे बराच वेळ बघत राहिले. रिमोटवर रुपयाएवढी गोल चकती होती आणि बोलण्यासाठी एक बटण. त्यांनी अंगठा फिरवून एक शोधला, चार शोधला. चुकून बोलण्याचं बटण दाबलं गेलं. पडद्यावर निळी रेघ लुकलुकत ते काय बोलतात याची वाट बघू लागली, आणि ते तिची वाट बघू लागले. मी टीव्ही बंद केला. स्टिक चांगली आहे, मुलांनो. दोष तिचा नाही.

मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. काही सुचेनासं झालं की मी तक्ता करते. रेघा मारलेल्या कागदावर पाच वेगवेगळ्या डब्यांची आणि काड्यांची नावं लिहिली, पुढे रकाने पाडले: चित्र किती स्पष्ट, कोणती ॲप चालतात, मागे किती भोकं, किती वर्षांची हमी. रात्रंदिवस तोच कागद हातात. शेवटी मोरेभाऊंना फोन करून बोलावलं. त्यांचं दुकान ज्यांनी बुडवलं त्याच वस्तूंपैकी एक निवडून द्या, असं मी त्यांना सांगत होते, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्यांनी कागद चष्म्याशी धरून वाचला. "टीचर, पेपर छान सोडवलाय. पण प्रश्नच चुकलाय."

"म्हणजे?"

"डबा कोण बघतो? तो पडून राहतो टीव्हीमागे. माणसाच्या हातात असतो रिमोट. आधी रिमोट पसंत करायचा. त्याच्यामागून जो डबा येईल, तो आपला."

आम्ही रिक्षाने माजिवड्याच्या मोठ्या दुकानात गेलो. मोरेभाऊ तिथे डोळे मिटून उभे राहायचे आणि हात पुढे करायचे. विक्रेती मुलगी एकेक रिमोट त्यांच्या हातावर ठेवायची, ते अंगठा फिरवायचे आणि परत द्यायचे.

"काका, नक्की काय शोधताय?"

"पाचावरचा ठिपका."

"काय?"

"नंबरवाल्या रिमोटला पाचावर बारीक ठिपका असतो गं. अंधारातही अंगठ्याला कळतो. तो सापडला की एक आणि चार कुठे ते आपोआप कळतं."

"आता नंबर कोण लावतं, काका? नुसतं बोला, लगेच लागतं."

"ज्यांच्यासाठी घ्यायचंय त्यांना बोलता येत नाही, बाळा."

ती म्हणाली, "मग मोबाईलवर ॲप..." आणि माझ्याकडे बघून थांबली. मी स्टुलावर बसले होते आणि पिशवी तोंडाशी धरली होती. वर्गात चाळीस मुलींसमोर कधी डोळ्यांतून पाणी काढलं नाही मी. ती मुलगी आत गेली आणि गोदामातून धुळीचं एक खोकं घेऊन आली. जुना काळा डबा, कोणी नेत नाही म्हणून मागे टाकलेला. सोबत लांबट रिमोट. मोरेभाऊंनी डोळे मिटले, अंगठा फिरवला, आणि म्हणाले, "हा."

त्या डब्याला पेन ड्राइव्ह लागत होता. मोरेभाऊंनी आपल्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या जुन्या मॅचेस त्यात भरल्या आणि अशी काही जुळणी केली की एक-चार दाबलं की मॅच सुरू व्हावी. मग वायरवर गुंडाळतात ती लाल पट्टी काढून रिमोटची बाकी सगळी बटणं झाकली. एक आणि चार तेवढे उघडे. तो हा रिमोट, रेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी घालायची ठरली होती. आदल्या दुपारी चारला आजोबांनी रिमोट हातात घेतला. एक. चार. मैदान दिसलं, टाळ्या ऐकू आल्या. मी वाटी घेऊन बसले. आजोबा बघत होते, पण दात मिटलेलेच होते. चमचा ओठांवर टेकवला, त्यांनी मान फिरवली. दुसरा चमचा. तिसरा. वरण हनुवटीवरून खाली ओघळलं. मला वाटलं, संपलं सगळं. मोरेभाऊंना माझ्याकडे बघवेना. "वरची जुनी वायर तोडून टाकतो," असं काहीतरी पुटपुटत ते पक्कड घेऊन गच्चीवर निघून गेले.

थोड्या वेळाने वरून आवाज आला. त्यांनी नंतर शपथेवर सांगितलं की वायर हातात धरली आणि तोंडातून आपोआप निघालं.

"आलं काऽ?"

आणि खुर्चीतून उत्तर गेलं, "आलं."

जड, वाकडं, पण स्वच्छ 'आलं'. झटक्यानंतरच्या पाच महिन्यांतला पहिला शब्द. त्यांचं तोंड उघडंच राहिलं आणि मी त्यात चमचा घातला. त्यांनी गिळलं. वाटी संपली तेव्हा मी खिडकीत जाऊन वेड्यासारखी ओरडले, "मोरेभाऊ, आलं! आलं हो!" नळीची वेळ मी फोन करून रद्द केली.

त्यानंतर मोरेभाऊ रोज चारला यायचे. आम्ही दारातून विचारून पाहिलं, जिन्यातून विचारून पाहिलं, फोनवर त्यांचा आवाज भरून ऐकवला. आजोबा ढिम्म. गच्चीवरून विचारलं तरच उत्तर यायचं आणि तोंड उघडायचं. "साहेबांचं बरोबर आहे," मोरेभाऊ म्हणायचे. "चित्र वरूनच येतं."

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. ते रोज चार मजले चढायचे, एकदा ओरडायचे आणि उतरायचे. उतरताना आमच्या मजल्यावरच्या पायरीवर बसायचे, एक हात भिंतीला. थंडीतही कपाळ ओलं असायचं. मी पाण्याचा तांब्या द्यायची. "बसा थोडं." "नको टीचर, झालं." मला ते दिसत होतं. मी पाहिलं नाही असं इथे लिहिलं, तर ते खोटं होईल. 'उद्यापासून येऊ नका' हे वाक्य कितीदा माझ्या ओठांवर आलं. मग दुसऱ्या दिवसाची वाटी डोळ्यांपुढे यायची आणि मी गप्प बसायची.

नवरात्र संपलं त्या आठवड्यात मोरेभाऊ गेले. सकाळी, घरी, दाढी करताना. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची डोंबिवलीला दिलेली लेक आलेली होती. ती म्हणाली, "बाबांना डॉक्टरांनी जिना चढायची सक्त मनाई केली होती. आम्ही किती भांडलो. म्हणायचे, 'एक लाइन अजून चालू आहे माझी.'" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीच का त्या टीचर?" मी हो म्हणाले. तिने उठून माझ्यापुढे चहा ठेवला. तो मी कसा प्यायले, मला आठवत नाही.

घरी चार वाजले. एक. चार. मैदान दिसलं. आजोबा छताकडे बघत राहिले. दात मिटलेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी शेजारच्या सुलभाताईंना वाटी देऊन आजोबांजवळ बसवलं आणि जिना चढायला लागले. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. प्रत्येक वळणावर भिंतीला हात टेकून थांबावं लागलं. भिंतीवर तिथे तिथे मळकट डाग होते, बरोबर हाताच्या उंचीवर.

गच्चीवर तोडलेल्या वायरींची वेटोळी नीट बांधून ठेवलेली होती. त्या एका दुपारीखेरीज मी आयुष्यात कधी ओरडले नाही. वर्ग शांत करायचा तर टीचरने आवाज खाली आणावा, असं मी मानायची. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. मग कठडा धरून ओरडले, "आलं काऽ?"

समोरच्या गच्चीवर कपडे काढणारी बाई थांबली. "काय आलं हो, टीचर?"

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. खाली खिडकीतून सुलभाताईंचं डोकं बाहेर आलं. "टीचर! बोलले! बोलले हो ते!"

"आलं म्हणाले?"

"नाही! 'गेलं' म्हणाले!"

"चित्र गेलंय का?"

"नाही हो, मॅच चालू आहे चांगली! वर बघतायत आणि 'गेलं' म्हणतायत!"

मी कठड्यावरून खाली वाकले. "तोंड उघडलंय का?" मी विचारलं.

डोकं आत गेलं. मला वाटतं, तेवढा वेळ मी श्वासच घेतला नसेल. मग खालून आवाज आला, "उघडलंय!"

"चमचा घाला!" मी ओरडले.

अर्धी वाटी गेली. त्यानंतर रोज अर्धीच जाते, आणि रोज उत्तर तेच येतं, 'गेलं'. तुमची स्टिक कपाटात कापडात गुंडाळून ठेवली आहे, सुट्टीत आलात की तुम्हीच लावा. फोन मात्र दुपारी चारला करू नका. तिथे तेव्हा तुमची सकाळ असते, हे मला कळतं. पण त्या वेळी मी गच्चीवर असते.