अकराच्या उन्हातली फुगडी

गोव्यातल्या आमोणे गावच्या सुमंगला गावसला औषधांच्या कारखान्यात लागून एकोणीस वर्षं झाली. काम पॅकिंगचं. सकाळी साडेसहाला बस, दिवसभर बिनखिडक्यांची गार खोली, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातांत मोजे. घरी येईतो दिवेलागण.

गेल्या वर्षी बसची पायरी तिला डोंगर वाटू लागली. मांड्यांत जोर नाही, कंबर आणि बरगड्या आतून ठणकायच्या. खाली बसलं की भिंत धरल्याशिवाय उठवेना.

"वय झाला तुजा," खाणीवर ट्रक चालवणारा तिचा नवरा बाबाजी म्हणाला.

"अठ्ठेचाळीस हे काय वय?" लेक सुविधा उसळली, आणि आईला घेऊन थेट डिचोलीला डॉक्टरीणबाईंकडे गेली.

रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी पार तळाला गेलेलं.

"पण मी नाचणी खाते, दूध पिते!"

"खाता, पण त्यातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला डी लागतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते नसलं की हाडं कच्ची होतात, अंगातला जोर जातो. आणि डी आपली कातडीच तयार करते, उन्हात. तुम्हाला ऊन कधी लागतं?"

सुमंगलाने बराच विचार केला आणि तिला हसूच फुटलं. "अगे बाय, गोव्यात राहून उन्हाचा दुष्काळ!"

बाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायची डीची पूड लिहून दिली आणि अकराच्या सुमारास, हात उघडे ठेवून, थोडं उन्हात बसायला सांगितलं.

अकराला तर ती कामावर. दोन दिवस शब्द जुळवून ती सुपरवायझर संदीपकडे गेली. "अकराचा चहा मी बाहेर उन्हात घेते. पाच मिनिटं जास्त द्या, जेवणाच्या सुट्टीतली कापा."

एकोणीस वर्षांत तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. संदीपने मान डोलावली.

पहिल्या दिवशी ती एकटीच बाह्या सरसावून बसली. आठवड्याभराने मनीषा आली, मग आणखी चौघी. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी सुमंगला दांडा न धरता बसमध्ये चढली आणि ड्रायव्हर गोपाळला म्हणाली, "बघितलंस?" काय बघायचं ते त्या बिचाऱ्याला कळलंच नाही.

मग एके दिवशी मनीषाने तिचे हात धरले. "चल गे, फुगडीचा एक फेर!" सुमंगला आधी कचरली, पण गिरकी जमली तशी खदखदून हसली. दुसऱ्या दिवसापासून सहाही जणींचा चहा निवू लागला.

चवथीत, गणपतीच्या दिवसांत, त्यांनी फुगडीच्या स्पर्धेत नाव दिलं. "ती निळ्या लुगड्यातली आमची!" बाबाजी शेजारच्या अनोळखी माणसालासुद्धा सांगत होता. तिसरा नंबर आला. बक्षिसाची कढई कुणाच्या घरी जाणार, यावर सहाजणी घर येईपर्यंत हसत भांडत राहिल्या.