इन्शिराहची सुई

अलेक्झांड्रियातल्या मोहर्रम बेक या वस्तीत ट्रामच्या फाट्याजवळ एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर 'शिवणकाम, फक्त स्त्रियांसाठी' अशी पाटी आहे. आत शिवणयंत्र नाही. कात्री आहे ती नखं कापायच्या कात्रीएवढी, आणि सुई आहे ती केसाहून बारीक, विजेच्या तारेला जोडलेली. इन्शिराह त्या सुईने बायकांच्या हनुवटीवरचे केस मुळाशी जाळते. एकेक करून. पाटी आधीच्या भाडेकरूची, एका खऱ्या शिंपिणीची. इन्शिराह ती उतरवायला निघाली तेव्हा पहिल्याच गिऱ्हाइकाने तिचा हात धरला होता. "राहू दे ग बाई. नवऱ्याला काय सांगू, दाढी करायला चाललेय म्हणून?"

तेव्हापासून अर्ध्या अलेक्झांड्रियाच्या बायका 'सुईकडे' जातात आणि त्यांचे नवरे नव्या कपड्यांची वाट बघतात.

इन्शिराह पंचावन्नची असेल. आधी एका त्वचारोगाच्या दवाखान्यात परिचारिका होती. हे काम ती मादाम आराक्सी नावाच्या एका आर्मेनियन म्हातारीकडे शिकली आणि म्हातारी मुलाकडे परदेशी गेली तेव्हा यंत्र हिच्याकडे आलं. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणते, "माणूस भेटला की माझी नजर आधी हनुवटीवर जाते. पुरुषांच्या बाबतीत फार निराशा होते."

मी माझ्या नेस्माला तिच्याकडे नेलं ते साखरपुडा ठरल्यावर. म्हणजे उशिरा. नेस्मा सोळा वर्षांची असल्यापासून मी तिची हनुवटी दोऱ्याने साफ करत आले, वर लिंबू घातलेला साखरेचा पाक लावून ओढत आले. मुलीचं भलं करतेय अशी माझी समजूत. इन्शिराहने भिंग लावलेला दिवा ओढला, दोन मिनिटं बघितलं आणि माझ्याकडे वळली.

"ही शेती कुणी केली?"

"मी."

"छान. नांगरणी जोरात झालीय."

तिने नेस्माच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली धातूची कांडी दिली, सुई केसाच्या छिद्रात सरकवली, पायाने कळ दाबली. नेस्माने डोळे मिटले. चिमट्याने धरताच केस असा अलगद सुटून आला, जसा काही तो जायलाच निघाला होता.

"आता ऐका, नेस्माची आई. दोरा बंद. चिमटा बंद. पाक बंद. उपटलात तर मला मूळ सापडणार नाही. फार वाटलं तर कात्रीने कापा."

"पण कापलं तर खुंट राहतात. हाताला लागतात."

"लागू देत. कुणाचा हात आहे?"

हात नव्हता, गाल होता. नेस्माच्या होणाऱ्या नवऱ्याची, हातेमची आई, हिक्मत हानिम, म्हणजे हिक्मत बाईसाहेब, दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येत. आमच्यात भेटलं की दोन्ही गालांना गाल लावतात. इतर बायका लावतात आणि सोडतात. हिक्मत हानिम गाल लावतात आणि कानापासून हनुवटीपर्यंत हळूच सरकवत आणतात. त्यांच्या थोरल्या मुलाचं आधीचं ठरलेलं लग्न अशाच एका सरकवण्यानंतर मोडलं, असं सगळं शहर म्हणतं. त्यांनी कधी नाकारलं नाही.

म्हणून मी नेस्माला सर्दी लावून दिली. "जवळ येऊ नका, हानिम, तुम्हाला लागेल." एक शुक्रवार झाला, दोन झाले. सातव्या शुक्रवारी हिक्मत हानिम पेरूच्या पानांची जुडी घेऊन आल्या. "उकळून पाजा. आणि मला खरं सांगा, मुलीची छाती कमकुवत आहे का?" म्हणजे हनुवटी वाचवता वाचवता मी मुलीला क्षयरोगी करून बसले होते.

"छे हो! ठणठणीत आहे. आठवड्यातून दोनदा शिंपिणीकडे जाते, जिने चढून."

"दोनदा? काय शिवतेय एवढं?"

"सगळंच."

"कोण शिंपीण? कुठे बसते?"

मला खोटं एकदाच बोलता येतं, लागोपाठ दोनदा नाही. मी पत्ता सांगितला.

सोमवारी हिक्मत हानिम चार मीटर जांभळं रेशमी कापड घेऊन तिसऱ्या मजल्यावर हजर. पुढचं मला इन्शिराहने सांगितलं. पडद्याआड एक बाई हनुवटीवर बर्फ धरून बसलेली, दुसरी खुर्चीवर आडवी, आणि दारात हानिम: "साखरपुड्यासाठी पायघोळ गलाबिया हवी. माझ्या होणाऱ्या सुनेचे कपडे तुम्हीच शिवता ना?"

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? मी आजवर कुणाचं नाव कुणाला सांगितलं नाही. मापं घेतली."

"कशाने? तुमच्याकडे टेप कुठे आहे?"

"बँडेजच्या पट्टीने. गाठी मारल्या. खांद्याला एक, कमरेला एक." तिने सुई पुसून ठेवली. "कमरेची पट्टी पुरली नाही. दुसरी जोडली."

ते कापड तिने कोपऱ्यावरच्या शिंप्याला दिलं. तो शाळेचे गणवेश शिवतो. आयुष्यभर त्याने दुसरं काही शिवलं नव्हतं आणि जांभळ्या रेशमासाठी त्याने सवय बदलली नाही.

साखरपुड्याच्या दिवशी पाहुणे यायच्या तासभर आधी हिक्मत हानिम नवी गलाबिया घालून आमच्या दारात उभ्या. टोकदार कॉलर, छातीवर वही ठेवायचा खिसा, आणि डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं आखूड.

"मी आधी त्या बाईकडे जाऊन येते," त्या म्हणाल्या. "जिन्यात उभी राहून असं ओरडते की अख्खी इमारत बाहेर आली पाहिजे."

इमारत बाहेर आली तर तोंडाला रुमाल लावलेल्या पाच-सहा बायका बाहेर येणार होत्या, आणि त्यानंतर हानिमना माझी मुलगी शिंपिणीकडे का जाते हे कळायला फार वेळ लागला नसता. मी म्हटलं, "हानिम, बसा, करकद्याचं सरबत घ्या थंडगार." त्यांनी पर्स उचलली.

नेस्मा आतून आली. हानिमना ती 'तांत' म्हणते, म्हणजे मावशी. अर्धा मेकअप झालेला, अर्धा राहिलेला.

"तांत, ती शिवत नाही."

"ते दिसतंय मला!"

"तसं नाही. ती केस काढते. विजेच्या सुईने. माझ्या हनुवटीचे." तिने मान पुढे केली. "बघा हात लावून."

मी मनातल्या मनात मिठाईवाल्याला फोन करून टाकला, की नको पाठवू.

हिक्मत हानिमनी बोटं फिरवली. डावीकडून उजवीकडे, मग परत. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"म्हणजे तिने मला शिंपीण म्हणून फसवलं."

"हो."

"हनुवटीचं समजू शकते. हनुवटी देवाने दिली. ही बाही कुणी दिली?"

"तांत, ते..."

"हातेमला यातलं काही कळता कामा नये. पुरुषांना या गोष्टी सहन होत नाहीत."

"कशातलं?" नेस्माने विचारलं. "हातेमच मला तिथे सोडतो. खाली गाडीत बसून असतो. पहिल्या दिवसापासून."

आम्ही दोन आया एकमेकींकडे बघत राहिलो. एकीने दोन महिने सर्दी उकळली होती, दुसरीने पानं पुरवली होती, आणि ज्याच्यापासून लपवायचं तो खाली गाडीत बसून गाणी ऐकत होता. मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला. निदान मला तरी सांगायचं होतं!

साखरपुडा झाला. हिक्मत हानिमनी माझी शाल डाव्या खांद्यावरून घेतली होती आणि ती शेवटपर्यंत सरकू दिली नाही.

आता उरलं लग्नाच्या तारखेचं. हॉलवाला घाई करत होता. नेस्मा म्हणत होती की हनुवटीचं काम पुरं झाल्याशिवाय ती उभी राहणार नाही, आणि केस सगळे एकदम उगवत नाहीत, आत झोपलेले नंतर वर येतात, तेव्हा किती महिने ते इन्शिराहच सांगू शकते. हिक्मत हानिम म्हणाल्या, मीच जाऊन विचारते.

तासाभराने त्यांचा फोन आला.

"विचारलं मी. नेस्माला अजून किती महिने लागतील?"

"मग?"

"म्हणते, कोण नेस्मा? मी म्हटलं, अहो, तुमच्याकडे येते ती, माझी सून. म्हणते, मी कुठल्या नेस्माला ओळखत नाही. मी म्हटलं, मला सगळं माहीत आहे! म्हणते, मग मला कशाला विचारता? आणि दार लावून घेतलं."

"रागावू नका, हानिम, तिचा स्वभावच..."

"रागावतेय कुठे? अशीच बाई हवी." मग आवाज खाली आला. "नेस्माला विचारा, तिच्याकडे गुरुवारी सकाळी गर्दी असते का. आणि हॉल मी वसंतातला घेतलाय. तोवर होईल ना दोघींचं?"