पाण्याखालचा पट्टा

धरणाचं पाणी दिवाळीनंतर ओसरू लागलं की आई हरभऱ्याच्या बियाचं गाडगं फडताळातून खाली काढायची. पाणी जरा मागं सरलं की उघड्या पडलेल्या गाळात ती एक ओळ टोकायची, चार दिवसांनी आणखी खाली दुसरी. नांगर नाही, पाळी नाही. जमीन सरकारची, पण काठावरच्या ज्याच्या त्याच्या दगडापासून सरळ खाली पाण्यापर्यंतचा पट्टा त्याचा, हे गावात सगळे मानत. आईचा दगड माझ्या जन्माआधीपासूनचा. आम्हाला दुसरी जमीन नव्हती. त्या पट्ट्यावर तिनं मला शिकवलं आणि मी कळंबला मास्तर झालो.

गावाला स्मशानभूमी नव्हती. जुनी धरणात बुडालेली. तेव्हा गावातल्या एका मोठ्या बागायतदारानं आपला वरचा माळ गावाला द्यायची तयारी दाखवली. बदल्यात त्याला काठाची सरकारी जमीन हवी होती. ग्रामसभेत त्याचा सत्कारही झाला. मीही टाळ्या वाजवल्या.

पाहणी करायला तहसील कचेरीतला साहेब आणि त्याची माणसं आली ती भादव्यात, मी गणपतीला घरी आलेलो आणि धरण काठोकाठ भरलेलं असताना. पंचनामा लिहून झाल्यावर गावातल्या कुणीतरी शिकलेल्यानं तो वाचून दाखवावा असं ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला काय, मोठेपणाच वाटला. खणखणीत आवाजात वाचला. शुद्धलेखनाच्या दोन चुकाही दुरुस्त करून दिल्या. त्यात लिहिलं होतं, सदर क्षेत्र पाण्याखाली असून तेथे कोणाचेही पीक अगर वहिवाट नाही. हे खरं आहे का, असं साहेबानं विचारलं. समोर पाणीच पाणी होतं. लोक व्हय म्हणाले. मी सही केली. माझ्या सहीखाली आईनं अंगठा उठवला.

काठावरचे दगड गवतात झाकलेले होते. मी एकही दाखवला नाही. मला आठवलाच नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

दिवाळीला घरी आलो तोवर अदलाबदलीचा हुकूम झाला होता. पाणी जसं मागं सरलं तसे बागायतदाराचे सिमेंटचे खांब पुढं सरकले, चार दिवसांनी एक ओळ. आई रोज जाऊन तारेपाशी उभी राहायची. मी तहसील कचेरीत अर्ज केला. तिथल्या कारकुनानं पंचनाम्याची नक्कल काढून माझ्याच सहीवर बोट ठेवलं. मान खाली घालून परत आलो.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय लिवलंय ते कळालं न्हवतं. तू वाचलास म्हणून म्या अंगठा दिला."

माळावर तोवर स्मशानाची शेड उभी राहिली होती. मेलेल्यांची सोय झाली, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर घुगऱ्या शिजत होत्या. आईनं ताटली माझ्यापुढं सरकवली. मी फडताळाकडं बघितलं. बियाचं गाडगं पालथं घातलेलं होतं.

"खा," ती म्हणाली. "ठिवून आता कुठं पेरायचं?"

मी खाल्लं. ती समोर बसून बघत होती.